गणपतीला गावी, गिनी पिगसह

गिनी पिगला बरं नसलं तरी तो ते दाखवत नाही. रानात ज्याला-त्याला खायला हवा असलेला हा जीव, दुबळेपणा दिसला की मेला. म्हणून लपवणं त्याच्या रक्तातच आहे. गाडीत तो गप्प असला की माणसांना वाटतं, छान झोपलाय. आमचे ड्रायव्हरदादा तर कौतुकाने म्हणाले, "ताई, किती गुणी जोडी आहे हो, आवाज नाही!" हे पेणजवळ. माणगावला त्याच गप्प बसण्याचा अर्थ कळला.

ठाण्याहून गुहागरला निघालो होतो. गणपतीत आमची अर्धी सोसायटी गावी जाते, त्यामुळे चिंगी आणि गुंडी या आमच्या दोन गिनी पिगांकडे बघायला कोणी उरलं नव्हतं. मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्यांना माणगावबद्दल वेगळं सांगायला नको. ताम्हिणी उतरून येणारं पुणं आणि वरून येणारी मुंबई तिथे एकाच बाजारपेठेत घुसते. रांग हलेना. पाऊस उघडलेला, भाद्रपदाचं ऊन आणि हवेत नुसती वाफ. इंजिन तापतंय म्हणून दादांनी एसी बंद केला आणि काचा खाली केल्या. आम्ही घामाघूम झालो, रुमाल फिरवत बसलो. कॅरिअरमध्ये चिंगी कोपऱ्यात होती, पण गुंडी चारी पाय पसरून आडवी. हनुवटी लाळेने भिजलेली, कुशी भराभर हलणारी. उचलली तर पिळलेल्या फडक्यासारखी हातावर लोंबली.

हा प्राणी मूळचा अँडीज पर्वतातल्या थंड उंचीवरचा. त्याला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही जमत नाही. अठरा ते चोवीस अंश हे त्याचं सुख. सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर, त्यातही दमट हवेत, त्याचा जीव धोक्यात येतो. आपल्याला नुसतं उकडतंय असं वाटतं तेव्हा तो उष्माघाताच्या दारात असतो. बंद करून उभी केलेली गाडी तर दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, काच बोटभर उघडी ठेवली तरी. "दोन मिनिटांत वडापाव घेऊन येतो" ही दोन मिनिटं कधीच दोन नसतात.

आम्ही रस्त्याकडेच्या एका हॉटेलात शिरलो, पंख्याखाली बसलो आणि साध्या पाण्याने तिचे कान आणि पाय ओले करत राहिलो. हॉटेलवाल्याने मायेने बर्फ पुढे केला, तो घेतला नाही. बर्फाच्या पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता आतच कोंडते आणि वर धक्का बसतो तो वेगळाच. पाणी तोंडात ओतायचं नाही, ओठाला थेंब लावायचा आणि ती चाटते का बघायचं. ती चाटू लागली. तसाच ठाण्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

संकट तिथे संपलं असतं तर हा लेख लिहिला नसता. गिनी पिगचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. त्यासाठी त्याला दिवसरात्र गवत चघळायला हवं. भीतीने, उन्हाने किंवा दुखण्याने त्याने खाणं सोडलं की आतडं थांबतं, पोटात वायू धरतो आणि एखाद्या दिवसात प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं. गावी पोहोचलो, पण दुसऱ्या दिवशी गुंडीने कोथिंबिरीकडेही पाहिलं नाही. लेंड्या बारीक आणि मोजक्याच. गावातले गुरांचे डॉक्टर आरतीची गडबड सोडून आले, भला माणूस. पण बॅगेतून त्यांनी काढलं अमॉक्सिसिलिनचं औषध. कुत्र्या-मांजरांना सर्रास देतात ते, पण गिनी पिगच्या पोटातले उपयोगी जंतू मारून हे औषध त्याचा जीव घेऊ शकतं. पेनिसिलिनच्या कुळातली बाकीची औषधंही तशीच. निघतानाच ठाण्याच्या डॉक्टरांनी हे बजावलं होतं, म्हणून मी दोघांचं फोनवर बोलणं करून दिलं. शेवटी गोळीखाद्य पाण्यात भिजवून त्याची पेज, सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने, थोडी-थोडी, रात्रभर. पहाटे ती स्वतःहून दूर्वा कुरतडायला लागली. दूर्वा त्यांना चालतात, पण स्वच्छ धुऊन, कोरड्या करून आणि थोड्याच. रस्त्याकडेच्या धुळीतल्या तर नकोतच.

आता तुमच्यासाठी. कॅरिअर मांजरांचा मिळतो तो टणक प्लास्टिकचा, वरूनही उघडणारा घ्यावा. पुठ्ठ्याचा खोका मुताने भिजतो आणि कापडी पिशवी ब्रेक लागला की चेपते. आत जाड फ्लीस आणि भरपूर वाळलं गवत, एवढंच. लाकडी घर, मातीचं भांडं आत नको, धक्क्याने तेच अंगावर येतं. पाण्याची बाटली खड्ड्यांत गळते आणि जागा ओली होते. त्याऐवजी काकडीच्या फोडी द्या आणि थांबाल तिथे बाटली लावा. पुढच्या सीटवर एअरबॅग असते, तिथे कॅरिअर अजिबात ठेवायचा नाही. पुढच्या सीटच्या मागे, खाली पायांजवळची जागा सर्वांत बरी, पण तिथला पत्रा तापतो का ते आधी हात लावून पाहा. एसीचा झोत थेट अंगावर नको. ज्या दोघी एकत्र राहतात त्या एकाच कॅरिअरमध्ये राहू द्या, सोबतीने त्यांचा धीर टिकतो. गाभण मादीला मात्र प्रवास घडवूच नका.

बरोबर छोटा डिजिटल थर्मामीटर ठेवा, आपल्या अंदाजावर जाऊ नका. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून न्या. एक कॅरिअरच्या एका कडेला ठेवा, म्हणजे नको असेल तर त्यांना दूर सरकता येतं. नेहमीचंच खाद्य घरून न्या, गावी नवे प्रयोग नकोत. आपल्यासारखंच त्यांच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, तेव्हा ढोबळी मिरचीला सुट्टी देऊ नका. आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा उचलून न्या. खाणं कमी झालंय हे डोळ्यांना दिसण्याआधी काट्यावर कळतं.

गावच्या घराचं वेगळंच. कोकणात मांजर नसलेलं घर दाखवा! पडवीत पाहुणे, खळ्यात फटाके, आरतीला झांजा. आम्ही त्यांना आतल्या बाळंतिणीच्या खोलीत, उंचावर, जाळी लावून ठेवलं, तरी पोरांची रांग लागलीच. काकूंनी सगळ्यांना दम दिला म्हणून निभावलं.

आता गणपतीत चिंगी-गुंडी ठाण्यातच राहतात. खालच्या मजल्यावरची कॉलेजची मुलगी सकाळ-संध्याकाळ गवत-पाणी करते आणि लेंड्यांचा फोटो पाठवते. हसू नका, तोच खरा तब्येतीचा अहवाल. कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये मात्र ठेवू नये, नुसत्या भुंकण्यानेच त्या खाणं टाकतील. तेव्हा आधी सांभाळणारं माणूस शोधा, मग गाडी ठरवा. नाहीच मिळालं तर पहाटे तीनला निघा आणि कोंडीत एसी बंद होणार नाही, हे ड्रायव्हरशी आदल्या दिवशीच बोलून घ्या.