पाठ 14 : पार्सल दारापर्यंत

वाचण्याआधी : तुमच्या घरी शेवटचं पार्सल कधी आलं? ते आणून देणाऱ्याचा चेहरा तुम्हाला आठवतो का?

ऑनलाइन काही मागवलं की आपण दिवसातून चार वेळा फोन बघतो. "कुठपर्यंत आलं?" पडद्यावर एक छोटीशी गाडी पुढे सरकत असते. त्या गाडीत माणूस बसलेला आहे, हे मात्र आपण विसरून जातो. आज त्या माणसाच्या कामाबद्दल वाचू या. आणि वाचू या डार्विनच्या रस्त्यांवर, कारण तिथे हे काम जरा जास्तच कस लावतं.

डार्विन ही नॉर्दर्न टेरिटरीची राजधानी. तिथून दक्षिणेला ॲडलेड सुमारे 3,000 किलोमीटर दूर. मधलं मोठं शहर म्हणाल तर ॲलिस स्प्रिंग्ज, तेसुद्धा 1,500 किलोमीटरवर. डार्विनच्या दुकानांतला बराचसा माल दक्षिणेकडून येतो. 2004 पासून तो रेल्वेने येऊ लागला. त्याआधी मुख्य आधार स्टुअर्ट हायवेचाच होता. या रस्त्यावर 'रोड ट्रेन' धावतात. नावात ट्रेन असली तरी ती रुळांवरची गाडी नव्हे. एका ट्रकला मागे दोन-तीन ट्रेलर जोडलेले असतात आणि सगळी लांबी 53.5 मीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणजे आपल्या जवळजवळ पाच एसटी बस एकामागे एक! एवढं वजन पटकन थांबत नाही. म्हणून रोड ट्रेनचा चांगला ड्रायव्हर ब्रेक मारण्याच्या खूप आधी विचार करतो. पुढे दूरवर एखादी गाय दिसली की त्याचा पाय लगेच ॲक्सिलरेटरवरून निघतो. या भागात मैलोन्‌मैल कुंपण नसतं, गुरं रस्त्यावर येतात. संध्याकाळी वॉलबी आणि कांगारू येतात ते वेगळेच.

पण आपला विषय आहे शेवटच्या टप्प्याचा: शहरातल्या गोदामापासून तुमच्या दारापर्यंत. तिथे मोठा ट्रक नसतो, साधी व्हॅन असते. आणि या कामात गाडी चालवणं हा निम्माच भाग आहे, असं मला वाटतं.

काम सुरू होतं ते गाडी भरण्यापासून. समजा, आज व्हॅनमध्ये 90 पार्सलं आहेत. ती हाताला येतील तशी आत ढकलली, तर दिवसभर प्रत्येक दारापाशी पाच-पाच मिनिटं शोधाशोध करावी लागेल. नवद वेळा पाच मिनिटं! हिशोब तुम्हीच करा. म्हणून जे शेवटी द्यायचं ते सगळ्यात आत, जे आधी द्यायचं ते दाराजवळ. जड खोकी खाली, नाजूक वर. जड खोकं नीट बांधलं नसेल तर जोरात ब्रेक मारल्यावर ते पुढे येऊन ड्रायव्हरच्याच पाठीत बसेल.

मग येतो पत्ता. डार्विनचे पोस्टकोड शून्याने सुरू होतात. शहराचा 0800, कॅज्युरिनाचा 0810, पामर्स्टनचा 0830. संगणकावरच्या तक्त्यात हे आकडे भरले की पुष्कळदा पुढचं शून्य गळतं आणि 0810 चं नुसतं 810 उरतं. नवखा माणूस गोंधळतो. जाणता माणूस मनातल्या मनात शून्य परत लावतो आणि पुढे निघतो.

शहराबाहेर, हम्प्टी डूसारख्या भागात, मोठमोठ्या जमिनी आणि लांब रस्ते आहेत. तिथे 12, 14, 16 असे शेजारी शेजारी नंबर कसे देणार? ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात यासाठी एक फार हुशार पद्धत आहे. रस्ता जिथे सुरू होतो तिथून फाटकापर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजायचं आणि त्याला 10 ने भागायचं. आलेला आकडा हा घराचा नंबर. डाव्या हाताला विषम, उजव्या हाताला सम. म्हणजे नंबर 1250 असेल, तर रस्त्याच्या सुरुवातीपासून 12.5 किलोमीटर जायचं आणि उजवीकडे बघायचं. नकाशा नको, मोबाइलला रेंज नको! गाडीचं किलोमीटर दाखवणारं मीटर पुरतं. अशा भागात रेंज जातेच, त्यामुळे ही पद्धत ज्याला माहीत आहे तो अडत नाही. ॲम्ब्युलन्सलासुद्धा हाच नंबर उपयोगी पडतो.

पत्त्याच्या बाबतीत आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांची आठवण होतेच. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. यातले बहुतेक लोक मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांतले. शाळा फार शिकलेले नसले तरी त्यांनी स्वतःची लिपी तयार केली: डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे. डबा कुठल्या स्टेशनावरून आला, कुठल्या स्टेशनावर उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला, सगळं त्या छोट्या खुणेत. एक डबा वाटेत अनेक हातांतून जातो. सायकल, मग लोकल, मग डोक्यावरची लांब लाकडी पाटी किंवा हातगाडी. खूण अशी हवी की पुढच्या माणसाला विचारावं लागू नये. 2003 मध्ये ब्रिटनचे राजपुत्र चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटायला आले, तेव्हाही डब्यांची वेळ सांभाळूनच भेट ठरली. राजपुत्र थांबू शकतो, जेवण थांबू शकत नाही!

आता डार्विनच्या हवेकडे येऊ. इथे दोनच मुख्य ऋतू: मे ते ऑक्टोबर कोरडा, नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळी. वर्षाला साधारण 1,700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा या पावसाळी महिन्यांत. पावसाआधीचे दिवस तर घामाने जीव नकोसा करणारे. याच दिवसांत इथला आंबा उतरतो. 'केन्सिंग्टन प्राइड' ही इथली नावाजलेली जात. (हापूसशी तुलना करायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. वर्गात भांडण नको.) आंब्याच्या पेट्या हजारो किलोमीटर दक्षिणेला जातात आणि वाटेत गाडी तापली तर फळ पोचेपर्यंत पिकून मऊ पडतं.

आंबा खराब झाला तर नुकसान पैशाचं. औषधाचं तसं नाही. इन्सुलिन 2 ते 8 अंश तापमानात ठेवावं लागतं. बंद व्हॅन उन्हात उभी राहिली, किंवा पाकीट ओसरीवर उन्हात टाकून ड्रायव्हर निघून गेला, तर औषधाची ताकद कमी होऊ शकते. आणि वाईट म्हणजे बाटलीकडे बघून ते नेहमी कळत नाही. रुग्ण तेच औषध घेतो आणि साखर का उतरत नाही, ते त्याला समजत नाही. म्हणून 'थंड ठेवा' असं लिहिलेलं पार्सल हे साधं पार्सल नव्हे. ते आधी द्यायचं, हातात द्यायचं, आणि घरी कुणी नसेल तर सावलीतसुद्धा ठेवायचं नाही, परत न्यायचं. तयार जेवणालाही नियम आहेच. ऑस्ट्रेलियात थंड पदार्थ 5 अंशांच्या खाली आणि गरम पदार्थ 60 अंशांच्या वर ठेवायला सांगतात.

परत न्यायचं, हा शब्द लक्षात ठेवा. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी येतं. पलीकडे घर दिसत असतं, पार्सल हातात असतं, आणि पाणी तर गुडघ्याइतकंही नसतं. पण वाहतं पाणी छोटी गाडी सहज बाजूला सारतं, आणि खालचा रस्ता वाहून गेला आहे की शिल्लक आहे ते वरून दिसत नाही. शिवाय इथल्या नद्यांत मगरी आहेत. इथे गाडी वळवणारा ड्रायव्हर हा माझ्या मते शंभर टक्के चांगला ड्रायव्हर.

या कामाचा एक जुना नायक सांगते. दक्षिण ऑस्ट्रेलियात टॉम क्रूज नावाचा टपालवाला होता. सिनेमातला नव्हे! 1936 पासून पुढे कित्येक वर्षं तो मरी ते बर्ड्सव्हिल या पाचशेहून जास्त किलोमीटरच्या वाळवंटी वाटेवर ट्रकने टपाल, किराणा, इंधन आणि औषधं पोचवायचा. वाळूत चाकं रुतली की खाली लोखंडी पत्रे टाकायचे, ट्रक थोडा पुढे न्यायचा, मागचे पत्रे उचलून परत पुढे टाकायचे. 1954 मध्ये त्याच्या कामावर एक माहितीपटही निघाला. ट्रक मोडला तर वाटेतच दुरुस्त करणारा तोच.

आज असं एकट्याने वाळवंट पार करावं लागत नाही, पण वेगळा ताण आहे. डार्विनमध्ये शिकायला आलेली आपली अनेक मुलं संध्याकाळी घरोघरी जेवण पोचवतात. ॲपवरच्या कामात पैसे तासाचे नसून फेरीचे असतात. जितक्या फेऱ्या तितके पैसे, मग घाई आलीच. लाल दिव्याला थांबलेली दोन मिनिटंसुद्धा महाग वाटतात. 26 ऑगस्ट 2024 पासून अशा कामगारांसाठी किमान अटी ठरवण्याचा अधिकार ऑस्ट्रेलियाच्या फेअर वर्क कमिशनला मिळाला. चांगला ड्रायव्हर कसा असावा हे विचारताना, त्याला चांगलं राहणं परवडतं का, हेही विचारायला हवं. दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा, असा सल्ला सगळे देतात. त्या पंधरा मिनिटांचे पैसे कोण देणार?

आता एक काल्पनिक संवाद वाचा. दारात एक मराठी विद्यार्थी पार्सल घेऊन उभा आहे.

— नमस्कार काकू, तुमचं पार्सल. नावावरून वाटलं, मराठीच असणार.

— अरे वा! ये, ये. पण काल नुसतं कार्ड टाकून गेला होतास ना रे? मी तर घरातच होते.

— काल दुसरा मुलगा होता, काकू. आणि तुमची बेल वाजत नाहीये. मी आत्ता दोनदा दाबली, मग दार ठोकलं.

— अगं बाई! म्हणजे कालपासून मी उगाच त्याच्या नावाने खडे फोडतेय.

— फाटकावरचा नंबर पण वेलीखाली गेलाय. रात्री येणाऱ्याला दिसणार नाही.

— आज संध्याकाळीच कापायला सांगते यांना. थांब, पाणी तरी पी. आणि हा लाडू घे.

— लाडू घेतो, काकू. बसत मात्र नाही, अजून चाळीस घरं आहेत.

शब्दार्थ
कस लावणे – परीक्षा पाहणे
ओसरी – घराच्या पुढची उघडी, छप्पर असलेली जागा
नवखा – नवीन, अनुभव नसलेला
नावाने खडे फोडणे – एखाद्याला दोष देत राहणे

विचार करा आणि लिहा
1. एका ग्रामीण रस्त्यावर घराचा नंबर 483 आहे. किती किलोमीटर जायचं? घर कोणत्या हाताला असेल?
2. डबेवाल्यांच्या खुणेत कोणकोणती माहिती असते? तुमच्या घरासाठी तशी एक खूण तयार करा.
3. 'थंड ठेवा' लिहिलेलं पार्सल आहे, घरी कुणी नाही, आणि मालकाने फोनवर सांगितलं, "ठेवा दारात, मी तासाभरात येतो." तुम्ही ड्रायव्हर असाल तर त्याला मराठीत काय उत्तर द्याल? चार वाक्यं लिहा.
4. तुमच्या घराचा नंबर रात्री रस्त्यावरून दिसतो का? आज बाहेर जाऊन बघा आणि उद्या वर्गात सांगा.