त्वचाकाठिण्य आणि सायटोकाइन्स

स्क्लेरोडर्मात त्वचा चामड्यासारखी ताठर का होते, असे रुग्णांचे आप्त मला नेहमी विचारतात. रोगप्रतिकारक पेशी परस्परांना जे रासायनिक निरोप धाडतात, त्यांस सायटोकाइन्स म्हणतात. त्यांपैकी टीजीएफ-बीटा फायब्रोब्लास्ट पेशींना अतिरिक्त कोलॅजन निर्माण करण्यास उद्युक्त करतो. इंटरल्यूकिन-६ त्यास खतपाणी घालते. या इंटरल्यूकिनचा मार्ग रोखणाऱ्या टोसिलिझुमॅबच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्वचाकाठिण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. फुप्फुसांच्या क्षमतेची घसरण मात्र मंदावली. फुप्फुसविकारासाठीच २०२१ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. त्वचेवरून फुप्फुसांचा अदमास बांधणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते. निदान होताच, धाप लागण्याची वाट न पाहता, मी स्पायरोमेट्री आणि छातीचा एचआरसीटी करवून घेतो.