दात आईचे, सही तुमची

वाचकांचे प्रश्न : पैसा आणि कायदा

प्रश्न : मी मूळचा मिरजेचा, नोकरीनिमित्त गेली अकरा वर्षं बंगळुरूत. आनेकल तालुक्यात चंदापूरला फ्लॅट आहे, त्याचं कर्ज चालू आहे. आई ६८ वर्षांची. वडील गेल्यापासून ती सहा महिने आमच्याकडे, सहा महिने मिरजेला असते. तिला वर पूर्ण कवळी आहे, ती नीट बसते. खाली समोरचे पाच दात उरलेत, त्यांतले दोन हलतात. दाढ एकही नाही. भाकरी आमटीत कुस्करून खाते. जवळच्या एका डेंटल क्लिनिकने खालचे सगळे दात काढून इम्प्लांट करायला सांगितलं आहे. पर्याय तीन : दोन इम्प्लांटवर काढ-घाल करायची कवळी, ९० हजार, चार इम्प्लांटवर ॲक्रिलिकचे पक्के दात, २ लाख ६० हजार, सहा इम्प्लांटवर झिरकोनियाचे पक्के दात, ४ लाख २५ हजार. पहिला पर्याय आता जुना झाला, असं तिथल्या काउन्सेलर मॅडम म्हणाल्या. मला सहाचाच घ्यावासा वाटतो. वडिलांच्या आजारपणात हात आखडता घेतला, ती बोच अजून आहे. एकरकमी भरले तर १५ टक्के सूट, नाहीतर १८ महिन्यांचा बिनव्याजी हप्ता. शनिवारी त्यांनी पात्रता तपासायला माझ्याकडून ओटीपी घेतला आणि संमतीपत्रावर सहीही घेतली. हा दर महिनाअखेरपर्यंतच आहे. आई ‘कशाला एवढा खर्च’ म्हणते, पण ते तिचं नेहमीचंच. चार घ्यावेत की सहा? झिरकोनिया खरंच टिकतं का?
— एक वाचक, चंदापूर

उत्तर : चार की सहा हे मी सांगणार नाही. ते आईच्या जबड्याचा स्कॅन बघून दंतवैद्याने सांगायचं असतं. मला काळजी वाटली ती पत्रात तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलेल्या गोष्टीची : ओटीपी. पात्रता तपासायचा ओटीपी आणि कर्जाच्या करारावर सही म्हणून वापरायचा ओटीपी दिसायला सारखेच असतात. म्हणून हे छापायच्या आधीच तुम्हाला कळवलं होतं. इथे इतरांसाठी पुन्हा लिहितो.

शनिवारचे सगळे एसएमएस उघडून बघा. एखाद्या वित्त कंपनीचं नाव आणि कर्ज क्रमांक दिसतो का? बँकेच्या ॲपमध्ये हप्ता आपोआप कापण्याचं मँडेट नोंदलं गेलंय का? तिसरं, स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोने वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो. कर्ज मंजूर झालेलं दिसलं तर त्याचं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. डिजिटल कर्जातून दंड न भरता बाहेर पडायला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान एक दिवसाची मुदत द्यावीच लागते. कंपनीने जास्त दिली असेल तर ती त्या कागदावर लिहिलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून मोकळं होता येतं. मुदत उलटली असेल तर ‘उपचार सुरू झालेला नाही, रक्कम परत करा’ असा ईमेल क्लिनिक आणि कंपनी दोघांनाही आजच पाठवा. फोनवर बोलून भागवू नका.

आता ‘बिनव्याजी’चा हिशोब. आज एकरकमी दिले तर तुम्हाला ३,६१,२५० रुपये पडतात. हप्त्याने दिले तर दरमहा साधारण २३,६११ रुपये, १८ महिने, म्हणजे पूर्ण ४,२५,०००. मधले ६३,७५० रुपये म्हणजेच व्याज, फक्त त्याला व्याज म्हटलेलं नाही. त्याचा दर काढला तर वर्षाला २१ टक्क्यांच्या वर जातो, प्रोसेसिंग फी वेगळी. तुमच्या घराच्या कर्जाचा दर आठवा आणि शेजारी हा आकडा लिहा.

पण व्याज हा खरा फास नाही. तो कळावा म्हणून तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. होसूर रस्त्यालगतच्या एका वसाहतीतून साठीच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी रुमालाची घडी काढली आणि टेबलावर उलगडली. आत गुलाबी हिरडीसकट दातांची कमान होती, डाव्या सुळ्यापाशी तुटलेली, फेव्हिक्विकने चिकटवलेली आणि पुन्हा तिथेच तुटलेली. ते त्यांचे ‘पक्के’ दात. फाइलमधलं कोटेशन मी वाचलं. नवव्या ओळीत बारीक अक्षरांत होतं : तात्पुरते दात समाविष्ट. कायमच्या दातांचा उल्लेख कुठेच नव्हता. सहा महिन्यांनी त्यांचे वेगळे १ लाख ४० हजार मागितले गेले. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बाहेरून येणारे होते, ते तोवर यायचे थांबले होते. दुसऱ्या दंतवैद्यांकडे गेल्या, तर आतला स्क्रू कोणत्या कंपनीचा हे फाइलमध्ये नाही, आणि त्याला बसणारा पाना त्यांच्याकडे नाही.

बाईंनी रागाने आठव्या महिन्यात हप्ता थांबवला. सगळी माणसं इथेच चुकतात. क्लिनिकशी झालेला करार वेगळा, वित्त कंपनीशी झालेला वेगळा. दात तुटले म्हणून कर्ज तुटत नाही. कंपनीने सगळी रक्कम पहिल्याच दिवशी क्लिनिकच्या खात्यात भरली होती. क्लिनिकला घाई उरली नव्हती आणि कंपनीला दातांशी कर्तव्य नव्हतं. सहकर्जदार म्हणून मुलाची सही होती. त्याचा क्रेडिट स्कोअर कोसळला आणि पुढच्या वर्षी त्याचं घराचं कर्ज नाकारलं गेलं. शेवटी हप्ते दंडासकट भरले. जुने दात तर पहिल्या दिवशीच काढलेले होते, मागे फिरायला जागाच नव्हती.

म्हणून लक्षात ठेवा : दात उपटले जाण्याआधी सगळे पैसे गेलेले असतील, तर तुमच्या हातात काही राहत नाही. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली माणसाच्या जबड्यात पहिल्यांदा टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. कर्ज आता पाच मिनिटांत मंजूर होतं. हाडाला इम्प्लांट घट्ट धरायला मात्र अजून काही महिने लागतातच. पैसेही हाडाच्या गतीने द्या. स्कॅन आणि आराखड्याचे वेगळे. शस्त्रक्रियेच्या दिवशी एक हिस्सा, तात्पुरते दात बसले की दुसरा. निदान तीस टक्के कायमचे दात बसून आईंनी पंधरा दिवस त्या दातांनी जेवल्याशिवाय देऊ नका. क्लिनिक ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ म्हणालं, तर क्लिनिक बदला. कर्ज लागणारच असेल तर बँकेकडून स्वतःच्या खात्यात घ्या. दर दिसतो, आणि टप्प्याटप्प्याने द्यायची दोरी तुमच्या हातात राहते.

कोटेशन लेटरहेडवर, तारखेसह घ्या. त्यात ह्या गोष्टी हव्यातच : इम्प्लांटची कंपनी आणि मॉडेल, तात्पुरते आणि कायमचे दात दोन्ही, कशाचे आणि किती किमतीचे, शस्त्रक्रिया कोण करणार, त्यांचं नाव आणि दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक, एखादा इम्प्लांट धरला नाही तर खर्च कुणाचा, पहिल्या वर्षीच्या तपासण्या आत आहेत की वेगळ्या. इम्प्लांटच्या पाकिटावर लॉट क्रमांकाचं स्टिकर असतं, ते शस्त्रक्रियेच्या दिवशीच आईंच्या फाइलमध्ये चिकटवून घ्या. फाइलवर ‘ऑल-ऑन-फोर’ असं लिहिलं म्हणजे ब्रँड कळला असं नाही. ते एका कंपनीचं नोंदवलेलं नाव, आज कोणीही कोणत्याही स्क्रूला लावतं. तुमच्या बाबतीत ब्रँड जास्तच महत्त्वाचा, कारण आई अर्धं वर्ष मिरजेला असतात. तिथे स्क्रू सैल झाला तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने चंदापूरला येणार का? सांगली-मिरजेतला दंतवैद्य हाताळू शकेल अशीच कंपनी निवडा.

आता तुमच्या पर्यायांकडे येतो, थोडक्यात. दोन इम्प्लांटवरची कवळी ‘जुनी’ झाली, हे विक्रीचं बोलणं आहे. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी एकत्र येऊन सांगितलं, की खालचा जबडा पूर्ण दंतहीन असेल तर दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी ही पहिली निवड असावी. ती रात्री काढून धुता येते, तिच्या आतली रबरी कडी अधूनमधून बदलावी लागते, ते काम मिरजेतही होतं. ॲक्रिलिकचे दात काही वर्षांत झिजतात. तो खर्च आजच धरा. झिरकोनिया टणक, पण तडकलंच तर सहसा पूर्ण कमान नवी करावी लागते. टिकण्याचा प्रश्न दाताइतकाच खालच्या हाडाचा आणि रोजच्या सफाईचा आहे. आईंना मधुमेह आहे का, त्या मिश्री लावतात का, हे तुम्ही लिहिलं नाही. दंतवैद्याने विचारलं नसेल तर तो दंतवैद्य सोडा. आणि न हलणारे तीन दात काढायचेच का, हे दुसऱ्या कुणाला तरी विचारा. बोम्मनहळ्ळीचं ऑक्सफर्ड डेंटल कॉलेज तुमच्याच होसूर रस्त्यावर आहे. व्हिक्टोरिया हॉस्पिटलजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे. सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे. कृत्रिम दातांच्या विभागात दाखवा. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या.

आता क्लिनिकमध्ये पुढे येऊ शकतील अशा गोष्टी, एकेका ओळीत. आईंचं सोनं किंवा एफडी मोडणे : नको. रोखीत दिल्यास आणखी सूट : नको. २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि बिलाशिवाय तुमच्या हातात पुरावा राहत नाही. लाईफटाइम गॅरंटीचं कार्ड : कुणाच्या लाईफची, ते आधी विचारा. महिनाअखेरचा दर : पुढच्या महिन्याची अखेरही येणार आहे. तुमच्या नोकरीतला आरोग्य विमा : दातांचे उपचार बहुतेक पॉलिसींत अपघाताशिवाय वगळलेले असतात, वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा, आशेवर राहू नका.

कुणाचं बिनसलंच असेल तर रस्ता आहे. १९९५ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पैसे घेऊन दिलेला वैद्यकीय उपचार ग्राहक कायद्याखाली येतो, दंतवैद्यही त्यात आले. आता तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. वित्त कंपनीविरुद्ध आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पण आयोग म्हणजे औषध, पथ्य नव्हे. तज्ज्ञाचा अहवाल लागतो, तारखा लागतात, आणि तोवर माणूस पातळ भातावर असतो.

शेवटी सही. संमतीपत्रावर तुम्ही सही केलीत, कारण फॉर्म इंग्रजीत होता आणि आईंना तो वाचता आला नसता, असं मी धरून चालतो. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समीरा कोहली खटला बरोबर उलटा होता : मुलगी सज्ञान, गुंगीत, आणि संमती घेतली ती तिच्या आईची. न्यायालयाने ती मानली नाही. शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाच्या शरीरावर काय करायचं, याची संमती त्या माणसानेच, समजून, द्यायची असते. तुमची आई ६८ वर्षांची आहे, कुक्कुलं बाळ नाही. तुमची ती सही रद्द समजा आणि डॉक्टरांना काय करणार ते आईंना कळेल अशा भाषेत सांगायला लावा. कन्नड-इंग्रजी तुम्ही मराठीत करा, पण गाळू नका.

तुमच्या पत्रात आईंचं एकच वाक्य आहे आणि तेही तुम्ही ‘नेहमीचंच’ म्हणून बाजूला सारलंय. वडिलांची बोच मला कळते. काउन्सेलर मॅडमनाही कळली असणार. सव्वाचार लाखांचा पर्याय तुम्हाला काटकसरीच्या विरुद्ध बाजूला दिसला तो त्यामुळेच. पण वडिलांचं देणं आईंच्या जबड्यातून फिटत नाही. एका संध्याकाळी, क्लिनिकचं माहितीपत्रक समोर न ठेवता, त्यांना विचारा : काय खावंसं वाटतं? रात्री दात काढून ठेवायची लाज वाटते का? मिरजेला एकट्या असताना ते कोण साफ करून देणार? भाकरीचा तुकडा मोडून चावता आला की पुरे, असं त्या म्हणाल्या, तर ९० हजारांचा पर्याय घेऊन पुढे जा आणि मनाला लावून घेऊ नका.

त्या काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा. ओटीपी मात्र यापुढे कोणालाच कळवू नका.