चुन्याची निवळी आणि कॅल्शियम रिॲक्टर



या अंकातील विज्ञानपाठाचे निमित्त एका फोनचे आहे. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आखाती देशात नोकरीस आहे. घरी त्याने ३०० लिटरची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवली असून तीत मासे आणि जिवंत पोवळी, म्हणजे प्रवाळ, वाढविली आहेत. त्याने विचारले, "सर, कॅल्शियम रिॲक्टर घ्यायचा आहे. दुकानदार दोन दाखवतो. कोणता घेऊ?" शिवाय गावी परत येताना ही टाकी पोवळ्यांसह शाळेला भेट द्यावी अशी त्याची इच्छा. मुलाने विचारावे व शिक्षकाने "मालूम नाही" म्हणावे हे आम्हांस बरे वाटले नाही. म्हणून आम्ही थोडा अभ्यास केला आणि लक्षात आले की या यंत्राचा सगळा धडा आपल्या आठवी-दहावीच्या पुस्तकातच आहे.

आठवा तो चुन्याच्या निवळीचा प्रयोग. निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते. हे आपण पाठ करतो आणि इथेच थांबतो. पण फुंकत राहिलात तर? थोड्या वेळाने तीच दुधाळ निवळी पुन्हा स्वच्छ होते. पहिल्या फुंकरीत कार्बन डायऑक्साइडमुळे चुन्याचा कॅल्शियम कार्बोनेट झाला, तो पाण्यात विरघळत नाही. वायू जास्त झाल्यावर त्याचेच कॅल्शियम बायकार्बोनेट झाले, ते विरघळते. आता हे स्वच्छ पाणी तापवा. वायू निघून जाईल आणि गढूळपणा परत येईल. बंबाच्या आत साचणारा पांढरा थर हाच. आमच्या मते या धड्यातील दुसरा व तिसरा भागच अधिक महत्त्वाचा, आणि परीक्षेत नेमका पहिलाच विचारला जातो.

कॅल्शियम रिॲक्टर म्हणजे ही दुसरी फुंकर. एका बंद नळकांड्यात प्रवाळाच्या मृत सांगाड्याची खडी भरलेली असते. सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे मोजून सोडतात. छोटा पंप तेच पाणी खडीतून फिरवीत राहतो. आतला पीएच ६.५ ते ६.७ च्या आसपास उतरतो, खडी हळूहळू विरघळते आणि ते पाणी थेंबाथेंबाने टाकीत पडते. जिवंत पोवळी त्यातले कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन आपला सांगाडा बांधतात. समुद्राच्या पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅमहून थोडे जास्त कॅल्शियम असते. समुद्र मोठा, म्हणून ते तिथे संपत नाही. टाकीत मात्र रोज कमी होत जाते.

आता त्याच्या प्रश्नाकडे. "कोणता घेऊ" याच्या आधी "किती लागतो" हे विचारावे लागते. आम्ही त्याला म्हणालो, "अरे, अगोदर मोज. दोन दिवस पाण्यात काही घालू नकोस आणि रोज एकाच वेळी अल्कलिनिटी तपास." अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचविण्याची पाण्याची ताकद. मत्स्यपालक ती डीकेएच या मापात मोजतात. त्याने कळविले: पहिल्या सकाळी ८.४, दुसऱ्या सकाळी ७.४. म्हणजे दिवसाला १ डीकेएच घट.

नववी-दहावीच्या मुलांनी हे गणित वहीत करावे. १ डीकेएच म्हणजे लिटरला सुमारे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. ३०० लिटरला रोज सुमारे ५.४ ग्रॅम, म्हणजे वर्षाला जवळजवळ २ किलो. साऱ्या टाकीतली पोवळी मिळून दिवसाला एक चमचाभर खडू बांधतात म्हणा ना! तेवढाच माल साध्या चुन्याच्या निवळीतून द्यावयाचा तर रोज अडीच लिटर निवळी पुरे. त्याच्या टाकीतून रोज चार लिटर पाणी उडून जाते व तेवढे गोडे पाणी त्याला भरावेच लागते. त्या भरण्यातच निवळी आली. मग शेकडो दिनारांचे यंत्र कशाला?

दुकानदाराने हे सांगितले नाही, आणि त्याने का सांगावे? यंत्रावर "इतक्या लिटरपर्यंत" असे लिहिलेले असते, पण लिटरने काही ठरत नाही. टाकीत दगडी पोवळी किती आणि ती किती वेगाने वाढतात त्यावर ठरते. हजार लिटरची, रोज २ डीकेएच खाणारी टाकी असती तर निवळी १७ लिटर लागली असती. इतके पाणी उडत नाही, तेव्हा रिॲक्टरच हवा.

निवळीचा एक धोकाही त्याला सांगितला. ती अतिशय अल्कधर्मी असते. एकदम ओतली तर मासे मरतील. रात्रभर थेंबाथेंबाने सोडावी.

पुढे कधी पोवळी वाढून यंत्र घ्यावेच लागले तर नळकांड्याच्या चकाकीपेक्षा सिलिंडरवरचा रेग्युलेटर पाहावा. तो दोन टप्प्यांचा असावा. साध्यात सिलिंडर संपत आला की दाब उसळतो आणि उरलेला वायू एकदम पाण्यात जातो. वीज गेली की वायू बंद करणारा झडपेचा भाग हवा. पंपाचे सुटे भाग त्याच गावात मिळावेत. खडी फार बारीक नको, तिचा चिखल होतो. बाहेर पडणारे पाणी आम्लधर्मी असल्याने टाकीचा पीएच थोडा खाली येतो, त्यासाठी खडीचे दुसरे नळकांडे जोडता येते. आणि बंद एसीच्या खोलीत सिलिंडर साखळीने बांधून उभा ठेवावा.

हे सर्व वर्गात सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, "खडी म्हणून आपली शहाबादी फरशी चालेल का?" प्रश्न फार उत्तम. शहाबाद, वाडी, सेडम या कलबुर्गी जिल्ह्यातील पट्ट्याचा दगडही चुनखडीच आहे, म्हणूनच तेथे सिमेंटचे कारखाने आहेत. त्यावर लिंबाचा रस पडला की डाग राहतो तो यामुळेच. परंतु हा दगड पोवळी पृथ्वीवर येण्याच्याही आधीचा. त्यातला कार्बोनेट कॅल्साइट रूपात आहे, तर पोवळ्यांचा ॲरॅगोनाइट रूपात, आणि ॲरॅगोनाइट लवकर विरघळतो. शिवाय फरशीत माती व सिलिका मिसळलेली. तेव्हा टाकीला नको, प्रयोगाला छान.

आता भेटीविषयी, विशेषतः विश्वस्तांसाठी. मुलाचे मन मोडताना आम्हांस वाईट वाटले, तरीही पोवळी स्वीकारता येणार नाहीत. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळ आले. ते काढणे, विकणे, बाळगणे गुन्हा आहे. दगडी पोवळी सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही आहेत, परवान्याशिवाय त्यांना देशाची सीमा ओलांडता येत नाही. त्याने ती तिथल्याच एखाद्या जाणत्या शौकिनाला द्यावीत असे ठरले. रिकामी टाकी मात्र शाळा आनंदाने घेईल. तीत बोअरच्या पाण्यातले गोड्या पाण्याचे मासे राहतील. पोवळी पाहावयाचीच तर सहलीला मालवण आहे. तेथील समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे प्रवाळाचे पठार आहे, नाव कान्होजी आंग्रे यांचे; तिथे मात्र आपली सहल जाणार नाही.

प्रयोगशाळेत पुढील शनिवारी आठवी ते दहावीच्या मुलांनी फुटक्या शहाबादी फरशीचा एक तुकडा, जांभ्या दगडाचा एक तुकडा आणि एक लिंबू आणावे. कोणत्या दगडावर फेस येतो, कोणत्यावर नाही, ते स्वतः पाहून लिहावे. निवळीसाठी पानाच्या दुकानातील चुना आदल्या दिवशी भिजवून ठेवला जाईल. नळीने फक्त फुंकावयाचे, ओढावयाचे नाही. डोळ्यांना चष्मा लावूनच निवळीजवळ जावे.