गावाला ‘नाही’ म्हणू द्या

कान्हूर पठारावर पावसाळी वाटाण्याची तोडणी सुरू झाली की दुपारी गावात माणूस सापडत नाही. घरांना कड्या लागलेल्या, ओट्यावर म्हाताऱ्या बसलेल्या आणि बाकीचे सगळे गाव शिवारात वाकलेले. पारनेर तालुक्यात हे कुणाला सांगावे लागत नाही. मलाही ठाऊक होते. तरी मी लिहिलेल्या प्रस्तावात त्याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता, आणि तिथेच माझा पहिला प्रकल्प बुडाला.

मी बचत गटांचे काम करते. कंपनी कायद्याचे कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे भाग पडले, आणि आमच्यासारख्या लहान संस्थांनाही वाटले की आता आपल्यासाठी दार उघडले. पुढे एका देणगीदाराने महिलांच्या उपजीविकेसाठी प्रस्ताव मागवले. मुदत होती दहा दिवसांची. मी शिवणकाम केंद्र योजले: वीस यंत्रे, एक शिक्षिका, सहा महिन्यांचा वर्ग, दुपारी बारा ते चार.

गावात एक बैठक घेतली. “शिवणक्लास काढू या का?” असे विचारले. बायका म्हणाल्या, “काढा की ताई, चांगलंच आहे.” त्यालाच मी होकार समजले. अंगठे, सह्या, फोटो जोडून प्रस्ताव पाठवला आणि तो मंजूर झाला.

जुलैत यंत्रे आली. पहिला महिना समाजमंदिर भरलेले होते. मग वाटाणा तोडणीला आला. रोज बुडवून शिवण शिकायला येणे कुणालाच परवडणारे नव्हते. वर्गात शाळा सोडलेल्या तीन-चार मुली उरल्या. तोडणीनंतर कांद्याची लागण, मग ज्वारीची खुरपणी. सहामाही अहवालाच्या वेळी देणगीदाराने दोनच प्रश्न विचारले: किती जणींचे उत्पन्न वाढले, आणि आधी ते किती होते? दुसऱ्याचे उत्तर माझ्याकडे नव्हतेच, त्यामुळे पहिल्याचेही नव्हते. पुढचा हप्ता थांबला. तो थांबवणे योग्यच होते.

यंत्रांवर चादरी घालताना एक आजी जवळ आल्या. त्यांचे बोलणे मी अजून विसरले नाही. “ताई, तुम्ही विचारलं क्लास काढू का. आम्हाला काय पाहिजे ते कुठं विचारलं? दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं?”

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून चालले आहे. ज्या योजनेला ‘नाही’ म्हणण्याची संधी गावाला मिळाली नाही, तिला गावाने ‘हो’ म्हटले असे समजू नये. देणगीदाराला पटवणे ही पुढची गोष्ट आहे.

शेजारीच शिकण्यासारखे होते

हे शिकायला लांब जायची गरज नव्हती. राळेगणसिद्धी आमच्याच तालुक्यात आहे. अण्णा हजारे 1975 मध्ये सैन्यातून गावी परतले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हातात घेतले ते गावच्या यादवबाबांच्या मंदिराचे काम. ते पाहून लोक जवळ आले, श्रमदान उभे राहिले, मग दारूचा प्रश्न आला आणि पाणी अडवण्याची कामे झाली. आज आपण तिथले नालाबंडिंग बघतो. त्याच्या आधी घातलेला विश्वासाचा पाया नजरेतून सुटतो.

आमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये आरोग्याचे काम करायला गेले. लोकांनी त्यांना आधी पाणी आणि अन्न सांगितले. डॉक्टरांनी ते ऐकले. पाण्याचे काम त्यांनी आरोग्याचेच काम मानले. गावातल्याच, बहुतेक निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या कामाला पुढे 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

फादर हर्मन बाकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात तर गावाचा होकार तपासण्याची रीतच होती. निधी येण्याआधी गावाने चार दिवस श्रमदान करून दाखवायचे. पुढे शेताचे नियोजन करताना तंत्रज्ञ नवरा-बायको दोघांना बरोबर घेऊन बांधावरून फिरायचा, कारण कागदावर आखलेला बांध शेवटी त्यांच्याच जमिनीत पडणार असतो. घाम गाळावा लागला की माणूस तोंडदेखले ‘चांगलंच आहे’ म्हणत नाही.

दुसरा प्रस्ताव

दोन वर्षांनी मी पुन्हा बसले. यावेळी प्रश्न बदलला: “तोडणीच्या दिवसांत सगळ्यात अवघड काय जातं?” पहिल्या बैठकीत कुणी काही बोलले नाही. दुसरी बैठक बांधावर, जेवणाच्या सुट्टीत झाली. तिथे एकीने गोणीवर झोपवलेल्या बाळाकडे बोट दाखवले. अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुले बसतात; त्याहून लहान बाळ आईबरोबर उन्हापावसात शेतावर जाते. नाहीतर थोरली बहीण शाळा बुडवून त्याला सांभाळते.

मग पुरावा शोधायला मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. हजेरीपटावर तोडणीच्या आठवड्यांत मोठ्या मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीची रांग होती, मुलांच्या नावांपुढे तशी नव्हती. गुरुजींनी मागच्या वर्षाचा पटही काढून दिला. मला वेगळे सर्वेक्षण करावे लागले नाही. प्रकल्पाआधीची स्थिती शाळेच्या कपाटात लिहून ठेवलेली होती, आणि प्रकल्पानंतर मोजायचे कुठे तेही ठरले.

मी पाळणाघर योजले आणि गावापुढे ठेवले. जागा समाजमंदिर, वेळ दहा ते पाच. यावेळी मी मुद्दाम म्हटले, “यात चुकलंय काय ते सांगा. नाही सांगितलंत तर मी हे पाठवणार नाही.” बराच वेळ शांतता. मग एक तरुण आई म्हणाली, “मला नाही जमायचं. बाळ अंगावर पितंय, शेत दोन मैल लांब.” दुसरी म्हणाली, तोडणी उजाडताच सुरू होते, दहाला पाळणाघर उघडून काय उपयोग? तिसरीने बाहेरून आणलेल्या बाईवर भरवसा नाही असे स्पष्ट सांगितले. माझी जागा, माझी वेळ आणि माझी नेमणूक, तिन्ही गावाने नाकारली. त्यातून जे उभे राहिले ते असे: दोन वस्त्यांवर दोन ठिकाणी पाळणाघर, सकाळी सातला सुरू, सांभाळायला गटातल्याच प्रौढ बायका. जागा शेतकऱ्यांनी दिली, रोज थोडे पैसे आयांनी द्यायचे ठरले.

देणगीदाराच्या प्रतिनिधींनी कठीण प्रश्न विचारले. शासनाची पाळणाघराची योजना असताना तुम्ही कशाला? एकाऐवजी दोन ठिकाणे, म्हणजे खर्च दुप्पट का? प्रत्येक उत्तर मला बांधावर मिळालेले होते. सरकारी पाळणाघर आमच्या वस्तीपर्यंत पोचलेले नव्हते. आणि अंगावर पिणाऱ्या बाळासाठी दोन मैलांवरचे एक पाळणाघर स्वस्त पडले तरी रिकामेच राहिले असते.

तुम्ही लिहायला बसाल तेव्हा

मुदत पाहून गरज शोधू नका. गावाच्या गरजांची वही वर्षभर भरत ठेवा. जाहिरात आली की ती वही उघडा, आणि त्या देणगीदाराच्या विषयात बसेल असे काही नसेल तर अर्ज करू नका. न मिळालेल्या निधीचे नुकसान मर्यादित असते. चुकीच्या प्रकल्पाने गावाचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला मला दोन वर्षे लागली.

गावाचे पंचांग समोर ठेवा. पेरणी, तोडणी, कांदा काढणी, यात्रा, लग्नसराई आणि मुंबईला गेलेल्या माणसांची ये-जा. तुमचा कार्यक्रम कोणत्या महिन्यात कुणाचा रोज बुडवतो, ते प्रस्तावातच लिहा.

आधीची स्थिती मोजल्याशिवाय पहिला रुपया खर्च करू नका. शाळेचा पट, आरोग्य उपकेंद्राची नोंदवही, गटाचे हिशेब, ग्रामपंचायतीची दप्तरे हे सगळे गावातच असते. शेजारच्या नगर तालुक्यातले हिवरे बाजार पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावर पिके ठरवते. आधी मोजायचे आणि मग ठरवायचे, हे खेड्याला जमते हे त्या गावाने दाखवले आहे.

अंदाजपत्रक खरे लिहा. कार्यकर्तीचा प्रवास, मानधन, हिशेबनीसाचा खर्च लपवलात तर तो नंतर कुणाच्या तरी घामातून निघतो. परदेशी देणगी असेल तर त्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीपासून प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि एका संस्थेला ती देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. कंपनीचा निधी घ्यायचा तर आयकर सवलतीची 12ए, 80जीची कागदपत्रे आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठीची सीएसआर-1 नोंदणी आधीच तयार ठेवा. कंपन्यांचे दीर्घ मुदतीचे प्रकल्पही सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षांत संपवावे लागतात. म्हणून निधी संपल्यावर कार्यक्रम कोण चालवणार, हे पहिल्याच वर्षी गावाशी बोला. आमच्या आयांनी रोजचे थोडे पैसे द्यायचे कबूल केले ते याच बोलण्यातून.

आणि शेवटचे. माझ्या प्रत्येक प्रस्तावात आता एक वेगळे पान असते. त्यावर गावाने काय नाकारले, कुणी नाकारले आणि का, हे लिहिलेले असते. नाव लिहायचे नसेल तर ‘दोन वर्षांच्या बाळाची आई’ एवढे पुरते. देणगीदार ते पान थांबून वाचतात, कारण एरवी त्यांच्यापुढे सगळ्या गावांचे होकारच येतात. ते पान कोरे असेल तर मी प्रस्ताव पाठवत नाही. पिशवीत वही टाकते आणि पुन्हा बांधावर जाऊन बसते.