जुन्या गाडीची बॅटरी आणि वायर

आमच्या शेजारी एक दूधवाला राहतो. त्याची व्हॅन जुनी आहे. एके दिवशी पहाटे ती सुरूच होईना. किल्ली फिरवली की नुसते 'टिक' वाजे. बॅटरी तर नवीच होती. मग दोष कोठे होता?

बॅटरीत शिशाच्या पट्ट्या व पाणी मिसळलेले ॲसिड असते. वर दोन खुंट्या असतात. एक अधिक (+), दुसरी उणे (-). उणे खुंटीची वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. ॲसिड झिरपले की खुंटीवर पांढरी-हिरवी भुकटी धरते. ती विजेची वाट अडवते.

दूधवाल्याने फडक्याने भुकटी पुसली. गाडी चालू झाली. दोन दिवसांनी पुन्हा बंद! वायरमनने वायरीचे वरचे प्लास्टिक सोलले. आत तांबे काळे पडून झिजले होते. ॲसिड आतवर शिरले होते. फांदीला कीड लागली तर आपण ती पुसतो का? कीड असेल तेथवर छाटतो. वायरीचेही तसेच आहे.

आता दुरुस्ती कशी करतात ते पाहू या.

१. गाडी बंद करा. बिडी-काडी दूर ठेवा. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. डोळ्यांना चष्मा व हातांत रबरी मोजे घाला.

२. आधी उणे वायर सोडा, मग अधिक. जोडताना आधी अधिक, शेवटी उणे. असे का? उणे वायर जोडलेली असताना अधिक सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते.

३. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवा. जुन्या ब्रशने खुंट्या घासा. बॅटरीची बुचे घट्ट असू द्या. सोडा आत जाता कामा नये. नंतर खुंट्या धुऊन कोरड्या करा.

४. चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर कापा. टोकाला नवे थिंबल घट्ट दाबून बसवा. वायर आखूड पडली तर तेवढ्याच जाडीची नवी घाला. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका. सैल जोड तापतो.

५. वायर पत्र्याच्या भोकातून जात असेल, तर भोकात रबरी कडे बसवा. नाहीतर पत्र्याची धार वायर कापते.

६. जोड घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलीन लावा.

दूधवाल्याच्या दिव्यांचा फ्यूजही जळाला होता. एकाने सल्ला दिला, "तांब्याची तार घाल, काम भागेल." आम्ही त्याला थांबवले. फ्यूज हा गाडीचा राखणदार आहे. तो स्वतः जळतो आणि गाडी वाचवतो. तारेचा राखणदार जळत नाही; मग वायर जळते, आणि गाडीही. आधी दोष शोधावा, मग तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज घालावा.

दूधवाल्याची व्हॅन आज चालू आहे. बॅटरीही तीच आहे.

सांगा पाहू :
१. कोणती वायर आधी सोडावी? का?
२. फ्यूजच्या जागी तार का घालू नये?