ताकद आधी येते, मनगट मागून

प्रश्न : मी मूळचा पुण्याचा, सध्या कुवेतला मंगफमध्ये राहतो. कॉलेजात असताना विद्यापीठ पातळीपर्यंत बॉक्सिंग खेळलो. नंतर नोकरी, मग इकडे येणं, संसार. बारा वर्षं ग्लोव्हजना हात लावला नाही. आता वय 36, वजन तेव्हापेक्षा पंधरा किलोंनी जास्त. बिल्डिंगमधल्या जिममध्ये वजनं उचलायला लागलो आणि दीड महिन्यात जुनी ताकद भराभर परत येतेय. स्नायूंना खरंच जुनं आठवतं का? आठवत असेल, तर लगेच बॅगवर जायला काय हरकत आहे?

— एक वाचक, कुवेत

उत्तर : स्नायूंना आठवतं. हरकत आहे ती नेमकी त्यामुळेच.

आधी आठवणीचं बघू. स्नायूचा एकेक तंतू म्हणजे एक लांबलचक पेशी, आणि तिच्यात एक नव्हे, शेकडो केंद्रकं असतात. व्यायामाने तंतू जाड होतो तेव्हा त्यात नवी केंद्रकं येऊन मिळतात. ऑस्लो विद्यापीठातल्या क्रिस्टियान गुंडरसन यांच्या गटाने 2010 मध्ये उंदरांवर दाखवून दिलं, की पुढे स्नायू रोडावला तरी ही मिळवलेली केंद्रकं लगेच नाहीशी होत नाहीत, महिनोन्‌महिने टिकतात. माणसाच्या बाबतीत यावर अजून वाद चालू आहे, पण अनुभव त्याच दिशेचा आहे. रॉबर्ट स्टॅरन यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही स्त्रियांनी वीस आठवडे पायांचा व्यायाम केला, मग तीसेक आठवडे पूर्ण सुट्टी घेतली. त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांत त्या जवळपास पहिल्या जागी पोचल्या. फिनलंडमधल्या युवास्क्युला विद्यापीठाच्या 2024 च्या अभ्यासातही दहा आठवड्यांची सुट्टी घेणारे शेवटी न थांबणाऱ्यांच्या बरोबरीला आले.

तुमची सुट्टी बारा वर्षांची, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही. शिवाय पहिल्या दीड महिन्यात उचलायचं वजन वाढतं, ते बरंचसं स्नायूंचं नसून मज्जासंस्थेचं काम असतं. आहेत तेच तंतू मेंदू जास्त संख्येने आणि एकदम कामाला लावायला शिकतो. तुम्ही तर हे एकदा शिकलेले आहात. म्हणून ताकद भराभर येते.

अडचण अशी, की बाकीचं शरीर या वेगाने येत नाही. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि सांध्यांचे अस्थिबंध यांचा रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्यांची डागडुजी संथ; हातातली बारीक हाडंही मार सोसायला सावकाशच तयार होतात. स्नायू आठवड्यांत तयार होतो, कंडरेला महिने लागतात. मधल्या काळात तुमच्याकडे पंचविशीतला ठोसा असतो आणि तो झेलायला बारा वर्षं फक्त माउस धरलेलं मनगट. वर पंधरा किलो जास्तीचं वजन त्याच ठोशामागे उभं.

बॅगवरचा पहिला जोरदार हूक कसा बसतो ते आठवा. पवित्रा जुन्या सवयीने बरोबर पडतो, कंबर फिरते, पण शेवटच्या क्षणी मनगट आतल्या बाजूला मुडपतं आणि मार पहिल्या दोन गाठींऐवजी करंगळीच्या गाठीवर जातो. करंगळीमागचं तळहाताचं हाड मानेपाशी मोडतं त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. गंमत म्हणजे तयारीच्या बॉक्सरपेक्षा भिंतीवर राग काढणाऱ्यांनाच ते जास्त होतं. बारा वर्षांनी परतणारा माणूस पहिले काही आठवडे या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो.

म्हणून बॅग थांबू दे. तोवर करायचं काय, हे ठोसा कुठून येतो त्यावर ठरतं. सोव्हिएत संशोधक फिलिमोनोव्ह यांनी 1980 च्या दशकात बॉक्सरांच्या सरळ ठोशाचं मोजमाप केलं. मुरलेल्या खेळाडूंमध्ये सुमारे 38 टक्के जोर पायांचा, 37 टक्के धडाच्या फिरकीचा आणि दंडाचा जेमतेम 24 टक्के निघाला. नवख्यांमध्ये हाताचा वाटा जास्त होता. जिममध्ये मात्र परतलेला माणूस पहिला जातो बेंच प्रेसकडे, कारण आरशात छाती दिसते, मांडीचा मागचा भाग दिसत नाही. माझं मत विचाराल तर पहिले तीन महिने बेंच प्रेस नसला तरी चालेल. जोर काढा. तालमीतल्या वस्तादांनी जोर-बैठका उगाच नाही लावून दिल्या: जोरात खांद्याचं पातं मोकळं फिरतं, बेंचवर ते पाठीखाली अडकून पडतं, आणि ठोसा संपताना ते पातं पुढे सरकावं लागतं.

आठवड्यातून दोन दिवस पुरेत, तिसरा महिनाभराने. पहिले पंधरा दिवस जेवढं उचलता येईलसं वाटतं त्याच्या निम्मं उचला. तुमचा दीड महिना झालाय, तरी थोडं मागे या. पायांसाठी स्क्वॉट, एक पाय पुढे ठेवून करायचा स्प्लिट स्क्वॉट, आणि गुडघे किंचित वाकवून केलेली रोमानियन डेडलिफ्ट. शेवटच्या व्यायामाकडे नीट लक्ष द्या, कारण मागच्या पायाने जमीन ढकलण्याची ताकद तिथून येते. ओढण्याचे व्यायाम ढकलण्याच्या दीडपट ठेवा. ठोसा फेकणारे स्नायू वेगळे आणि फेकलेला हात थांबवून मागे आणणारे वेगळे. हे थांबवणारे, म्हणजे खांद्यामागचे लहान स्नायू, पहिल्यांदा कुरकुरतात. बॅगवर मारलेला ठोसा बॅग थांबवते. हवेतला ठोसा खांद्यालाच थांबवावा लागतो. म्हणून शॅडो बॉक्सिंग पहिल्या दिवसापासून करा, पण निम्म्या वेगाने. महिन्याभराने मेडिसिन बॉल भिंतीवर कमरेतून फेकायला लागा, तीन-चार किलोंचा बस. जड चेंडू घेतलात की वेग जातो, आणि वेगासाठीच तर तो घ्यायचा.

मनगटासाठी दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन चालणं आणि मुठी वळून काढलेले जोर. हे जोर आधी गादीवर, मग चटईवर, मग लाकडी फळीवर. हाडं अशीच हळूहळू मार सोसायला शिकतात. मानेसाठी कपाळावर, कानशिलावर, डोक्यामागे तळहात टेकवून ढकलायचं आणि मानेने हलायचं नाही, दहा-दहा सेकंद. पैलवानांसारखा डोक्यावरचा पूल या वयात, या सुट्टीनंतर नको.

आजपासून साधारण सहाव्या-आठव्या आठवड्यात पट्ट्या नीट बांधून बॅगवर जा. पहिल्या दिवशी दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, फक्त जॅब आणि क्रॉस, आवाज न करता. हूक आणखी दोन आठवड्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर किंवा मनगट दुखलं तर पुढची खेप निम्मी. स्नायू दुखला तर चालतं, सांधा दुखलेला चालत नाही.

दमाचं मी मुद्दाम मागे ठेवलं. संशोधक एडवर्ड कॉइल यांनी 1984 मध्ये दाखवलं होतं, की तयारीच्या खेळाडूंनी सराव थांबवल्यावर तीन आठवड्यांत ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सात टक्क्यांनी उतरते, मुख्यतः रक्ताचं प्रमाण घटल्यामुळे. ताकद कितीतरी जास्त टिकते. म्हणूनच परतलेला बॉक्सर पहिल्या फेरीत वाघ असतो आणि तिसऱ्या फेरीत हात खाली. दोरीच्या उड्या आणि सावकाश धावणं यांना पर्याय नाही.

धावण्यावरून तुमच्या कुवेतकडे येऊ. उत्तर कुवेतमधल्या मित्रिबा इथे जुलै 2016 मध्ये 53.9 अंशांची नोंद झाली होती. जून ते ऑगस्ट सकाळी 11 ते दुपारी 4 उघड्यावर काम करायला सरकारच बंदी घालतं. बॉक्सिंगवाल्यांना घाम गाळण्याचं व्यसन असतं, आणि तिकडच्या उन्हाळ्यात ते सहज भागतं. तसं करू नका. दिवसभर एसीत बसणारं शरीर, कुवेतमध्ये दहा वर्षं काढली असली तरी, उष्णतेला सरावलेलं नसतं. सरावायला रोज थोडा वेळ असे दहा ते चौदा दिवस लागतात. धावणं नोव्हेंबर ते मार्चमध्ये गल्फ रोडच्या किनाऱ्याने करा. उन्हाळ्यात ट्रेडमिल. धुळीच्या दिवशी खिडकीसुद्धा उघडायची नाही, धावणं तर सोडाच. आणि वजन उतरवायला प्लास्टिकचा घामाचा सूट घालून कुणी पळत असेल, तर त्याच्या नादी लागू नका.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. मोठ्या सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात ईर्ष्येने दोनशे बैठका मारल्या, वर उष्णता आणि कमी पाणी, तर स्नायूंचे तंतू फुटून त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं तुंबतात. ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात याला. मांड्या सुजून कडक झाल्या, लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी इस्पितळाचा आपत्कालीन विभाग गाठा. उद्या बघू म्हणण्याची ही गोष्ट नाही.

घाईबद्दल बोलायचं तर हेवीवेट बॉक्सर जॉर्ज फोरमनचं उदाहरण बघण्यासारखं आहे. 1977 मध्ये त्याने हातमोजे टांगले, 1987 मध्ये 38 वर्षांचा असताना, भरपूर वजन घेऊन तो परत आला. सुरुवातीचे प्रतिस्पर्धी इतके सामान्य होते की लोक हसले. पण सलग 24 लढती जिंकून मगच तो 1991 मध्ये होलिफिल्डसमोर उभा राहिला. हरला, पण बारा फेऱ्या उभा राहिला. 1994 मध्ये मायकेल मूररविरुद्ध तो गुणांवर मागे होता आणि दहाव्या फेरीत उजव्या हाताने त्याने सामना संपवला. वय 45. पायांची चपळाई गेली होती, ठोसा राहिला होता. आपल्या मेरी कोमने 2007 मध्ये जुळ्यांना जन्म दिला आणि 2008 मध्ये चीनमधल्या निंगबो इथे जगज्जेतेपद पुन्हा मिळवलं, पण तिची सुट्टी तुमच्यामानाने फारच लहान होती. तुम्ही फोरमनचं वेळापत्रक घ्या.

प्रश्न (त्याच वाचकाचा) : आणि प्रोटीन पावडर?

उत्तर : सोयीची, अत्यावश्यक नाही. वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं रोज पोटात गेली म्हणजे झालं. तिकडे ताकासारखं लबन आहे, चणे आहेत, आणि झुबैदी म्हणजे तर आपलं पापलेटच. ड जीवनसत्त्व मात्र तपासून घ्या. एवढ्या उन्हाच्या देशात त्याची कमतरता सर्रास आढळते, कारण उन्हात जातो कोण?

स्पारिंगचं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणारच. चार महिन्यांच्या आत नको. त्याआधी ईसीजी, रक्तदाब आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. नेत्रतज्ज्ञ नाही म्हणाले, तर बॅग आणि पॅड्सवर समाधान माना. हो म्हणाले, तर 16 औंसांचे ग्लोव्हज, हेडगार्ड, माउथगार्ड, दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि समोर तुमच्याच वयाचा, घरी बायको-मुलं असलेला माणूस. बावीस वर्षांचा हौशी पोरगा नको.